कार्ड दोनदा बदललं, तरी लिंक तुटतेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. मरोळच्या एका ऑफिसात दोन सॉकेटचा रॅक सर्व्हर आहे, त्यावर दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालतात. त्या सर्व्हरमधल्या १० गिगाबिटच्या दोन पोर्टी नेटवर्क कार्डाची लिंक महिनाभर रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दोन-तीनदा तुटते आणि चाळीस-पन्नास सेकंदांनी आपोआप परत येते. तेवढ्या वेळात अकाउंट्समधले टॅली अडकली म्हणून ओरडतात. व्हेंडरने कार्ड दोनदा बदलून दिलं, तरी फरक नाही. आता तिसरं मागवायचं का, आणि कार्डच गेलंय हे नक्की कसं ओळखायचं? पत्रात जाता जाता एक वाक्य आहे: स्विच तांब्याच्या पोर्टांचा असल्यामुळे कार्डात आरजे-४५ ची मॉड्यूल, म्हणजे तांब्याची केबल खोचायचे सुटे अडॅप्टर, बसवली आहेत, आणि 'ती जुनीच परत वापरली'.

तिसरं कार्ड मागवू नका, निदान आज तरी नको. मुंबईत सर्व्हरच्या फिल्ड सपोर्टमध्ये मी बावीस वर्षं काढली, फोर्टातल्या लाकडी जिन्यांच्या इमारतींपासून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांपर्यंत. खरोखर मेलेली कार्डंही पाहिली. पण 'कार्ड गेलंय' म्हणून ज्या ज्या कॉलवर गेलो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी कार्ड धडधाकट निघालं. लिंक तुटल्याची बातमी लॉगमध्ये कार्डाच्या नावाने येते, म्हणून आपण कार्डाची मानगूट धरतो. गाडी दादरला उभी राहिली म्हणजे बिघाड दादरलाच असतो असं नाही. ओव्हरहेड वायर तुटलेली असते मुलुंडला.

मूळचं धरून तीन कार्डं एकाच तऱ्हेने आणि रोज दुपारीच बिघडतात, हे काही मला पटत नाही. तेव्हा काय काय बदललं ते बाजूला ठेवा आणि एकदाही बदललं नाही त्याची यादी करा. मॉड्यूल, पॅच कॉर्ड, भिंतीतली केबल, पॅच पॅनलचं पोर्ट, स्विचचं पोर्ट, सर्व्हरमधला स्लॉट आणि रायझर (स्लॉट धरणारी छोटी पाटी), ड्रायव्हर, खोलीतला एसी. बहुधा कार्डाचं फर्मवेअर (कार्डातच भरलेलं सॉफ्टवेअर) सुद्धा, कारण व्हेंडर पुष्कळदा एकाच लॉटमधली कार्डं आणतो. आरोपी या यादीतच बसलाय.

आता काहीही उपटायच्या आधी दोन कामं करा. पहिलं, आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हर दुरून हाताळायची वेगळी सोय), तुमच्या सर्व्हरला जे असेल त्यातून कन्सोल उघडता येतो का ते बघा. ज्या कार्डाची तपासणी करायची त्याच कार्डावरून लॉगिन करून बसणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. मी स्वतः एकदा रात्री साडेअकराला ठाण्याच्या घरून एका ग्राहकाचं पोर्ट 'जरा बंद करून चालू' करायला गेलो होतो. बंद झालं. चालू करायला लोअर परळपर्यंत टॅक्सीने जावं लागलं. दुसरं काम, रॅकच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा, केबलची लेबलं वाचता येतील असा. मॉड्यूल आणि केबल पुन्हा कुठे होत्या याचे वाद त्या फोटोने मिटतात.

मग वेळा बघा. चाळीस-पन्नास सेकंद हा आकडा मला आल्या आल्या खटकला. तांब्याची लिंक पडून पुन्हा जुळायला काही सेकंद पुरतात. बाकीचा वेळ कुठे जातो? स्विचवर ते पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट (पलीकडे दुसरा स्विच नाही, नुसती मशीन आहे) म्हणून लावलेलं नसेल आणि जुना स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधले लूप टाळायची स्विचची पद्धत, चालू असेल, तर लिंक आल्यावरही स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच रहदारी सोडतो. हे ३० सेकंद तुमच्या बिघाडाचे नाहीत, सेटिंगचे आहेत. नेटवर्कवाल्याला सांगून ते आजच बदलून घ्या. मात्र सर्व्हरवर व्हर्च्युअल स्विच असेल तर त्यात ब्रिजिंगचा काही घोळ नाही ना, हे त्याला विचारून घ्या, नाहीतर लूप होईल. मूळ रोग यातून बरा होणार नाही, पण टॅलीवाल्यांची आरडाओरड पुष्कळ कमी होईल आणि तुम्हाला शांतपणे शोधायला वेळ मिळेल.

त्यानंतर सर्व्हरचा आणि स्विचचा लॉग शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकाच सेकंदाला 'लिंक डाउन' असेल, तर भानगड तारेत, मॉड्यूलमध्ये किंवा दोन टोकांच्या पोर्टांत आहे. सर्व्हरच्या डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये) लिंक पडायच्या आधी 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' किंवा 'टीएक्स युनिट हँग' आणि पाठोपाठ अडॅप्टर रिसेट दिसत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे लिंक ड्रायव्हरनेच पाडलेली असते, कार्ड दाद देईना म्हणून. म्हणजे रोख ड्रायव्हर, फर्मवेअर, पीसीआय स्लॉट यांच्याकडे वळवायचा. आरजे-४५ मॉड्यूलांची आणखी एक खोड सांगून ठेवतो. तांब्याच्या बाजूची लिंक पडली तरी काही मॉड्यूल कार्डाला 'सगळं ठीक' असंच सांगत राहतात. मग स्विचच्या लॉगमध्ये लिंक पडलेली दिसते आणि सर्व्हर मात्र निवांत. काही मॉड्यूल कार्डाशी १० गिगाबिटने बोलतात आणि तारेवर प्रत्यक्षात ५ किंवा १ ने चालतात. त्यामुळे अशा मॉड्यूलच्या बाबतीत वेगाचा आकडा स्विचकडून घ्या, सर्व्हरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आता आकडे. लिनक्सवर एथटूल, म्हणजे कार्डाची माहिती देणारी आज्ञा, मोठ्या एस पर्यायासह चालवलं की शे-दोनशे ओळी पडतात आणि नवखा माणूस गांगरतो. आपल्या कामाच्या एकूण चारच गोष्टी, आणि त्याही एकदा बघून उपयोग नाही. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या आणि वजाबाकी करा. सर्व्हर वर्षभर रीबूट झाला नसेल तर गेल्या पावसाळ्यातल्या केबलचं पापही त्याच आकड्यात बसलेलं असतं.

सीआरसी एरर (तपासणीची बेरीज न जुळणं) वाढत असतील तर फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, वाटेत मोडतेय, म्हणजे केबल, कनेक्टर, मॉड्यूल. इथे एक सापळा आहे. साधे ऑफिसचे स्विच पूर्ण फ्रेम घेऊन, तपासून मगच पुढे पाठवतात, त्यामुळे मोडकी फ्रेम तिथेच टाकली जाते. पण डेटा सेंटरमधले काही स्विच कट-थ्रू पद्धतीचे असतात. ते फ्रेमचं डोकं दिसताच शेपटीची वाट न बघता पुढे ढकलतात, आणि तपासणीची बेरीज असते शेपटीत. अशा स्विचवर तुमच्या सर्व्हरला दिसणाऱ्या सीआरसी एरर तिसऱ्याच रॅकमधल्या सडक्या केबलच्या असू शकतात. रबाळ्याला आम्ही एकदा दोन दिवस चांगली केबल बदलत बसलो होतो ती यामुळेच.

आरएक्स मिस्ड किंवा नो बफर हे आकडे वाढत असतील तर तार ठणठणीत आहे. कार्डाने फ्रेम आणून ठेवली पण सर्व्हरने वेळेत उचलली नाही. बफरची रिंग पुष्कळ कार्डांवर मुळात २५६ किंवा ५१२ ची असते आणि ४०९६ पर्यंत वाढवता येते. ती वाढवताना पुष्कळ ड्रायव्हर लिंक क्षणभर पाडतात, तेव्हा हा प्रयोग ऑफिस सुटल्यावर करा. नुसते ड्रॉप वाढत असतील तर बहुतेक वेळा कर्नलने, अनोळखी व्हीलॅनमुळे (नेटवर्कचा वेगळा कप्पा) किंवा फायरवॉलने टाकलेली पाकिटं असतात. त्यात कार्डाचा काही संबंध नाही. चौथी गोष्ट कॅरिअर चेंजेस. लिंक बूटपासून किती वेळा पडली-उठली याचा हा सरळ हिशेब, आणि तो लिनक्सच्या सिस-क्लास-नेट या फोल्डरमध्ये प्रत्येक इंटरफेसच्या नावाखाली एका ओळीच्या फायलीत मिळतो.

१ गिगाबिटच्या तांब्याच्या पोर्टांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईतल्या लहान ऑफिसांत बहुतेक सर्व्हर अजून त्याच्यावरच आहेत. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा चॉकलेटी जोडी कुठे तुटली, की गंमत होते. दोन्ही टोकं आपसात बोलणी करतात ती चांगल्या जोडीवर, आणि ठरवतात की आपण गिगाबिटने जाऊ. प्रत्यक्ष चालायला जातात तेव्हा पाय अडखळतो. काही कार्डं दोन-तीनदा आपटून शहाणी होतात आणि १०० वर उतरतात. काही तिथेच उठाबशा काढत राहतात आणि तुम्हाला लिंक फडफडताना दिसते. 'सर्व्हर अचानक स्लो झाला' अशी तक्रार आली की मी आधी वेग बघतो. १०० दिसला तर क्रिंपिंगची पेटी बाहेर. आणि एका टोकाला वेग हाताने कोंबून दुसरं टोक ऑटोवर ठेवायची जुनी सवय असेल तर ती सोडा. ऑटोवालं टोक वेग ओळखतं पण डुप्लेक्स (दोघांनी एकाच वेळी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) ओळखू शकत नाही, म्हणून हाफ धरतं. मग हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन (फ्रेमची उशिरा होणारी टक्कर) आणि फुलवाल्या बाजूला सीआरसी. पिंग मस्त चालतो, फाइल कॉपी रडत रडत जाते. गिगाबिटच्या तांब्याला तर ऑटो निगोशिएशन मानकानेच सक्तीचं आहे.

पावसाळ्याचं एक प्रकरण यातच सांगतो. माहीमच्या खाडीजवळ पहिल्या मजल्यावरचं ऑफिस, जुलै महिना, तक्रार हीच: कार्ड मधूनच जातं. केबल नवी, स्विच नवा. मी पॅच पॅनलच्या पोर्टात टॉर्च मारला. आठ पिनांपैकी सहा पिवळ्याधमक होत्या आणि कडेच्या दोनांवर हिरवट थर होता, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी ठेवल्यावर कडेला कळकते तसा. सोन्याचा मुलामा घासून उडाला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. वरच्या कोपऱ्यात खिडकीचा एसी. तो चालू असताना सगळं ठीक, रात्री बंद केला की सकाळी खोलीत दमट हवा भरलेली आणि दहापर्यंत लिंक नाचायची. पोर्ट बदललं, प्रश्न संपला. खाडीच्या आणि गटाराच्या हवेत गंधकाचे वायू असतात, ते तांब्याला आणि चांदीला धरतात. आयएसए ७१.०४ या मानकात हवेची प्रतवारी आहे. तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगून ठेवायच्या. तांब्यावरचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवरचा २०० च्या आत राहिला तर हवा सौम्य, जी-१. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हे करतात. तुमच्या ऑफिसात कोणी करणार नाही, पण टॉर्च मारायला पैसे पडत नाहीत.

फायबर असेल तर काम उलट सोपं. एथटूलला लहान एम दिला की मॉड्यूल स्वतःच सांगतं किती प्रकाश येतोय. १० गिगाबिटच्या एसआर (कमी पल्ल्याच्या) मॉड्यूलला साधारण उणे ९.९ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश चालतो, एलआरला (लांब पल्ल्याच्या) उणे १४.४ पर्यंत. एसआरवर उणे नऊ दिसत असेल तर लिंक आज चालेल, उद्याचा भरवसा नाही. उणे ४० म्हणजे अंधार. अशा वेळी दहातल्या आठ वेळा टोक पुसलं की काम होतं, पण क्लीनर पेनाने, शर्टाच्या बाहीने नाही. ओएम-३ या मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, सिंगल मोडचा ९ मायक्रॉनच्या आसपास. बाहीवरचा धुळीचा कण त्याच्यापुढे धोंडा आहे. २५ गिगाबिटवर अजून एक भानगड असते. दोन्ही टोकांचा एफईसी (चुका दुरुस्त करायची पद्धत) जुळला नाही तर दिवाच लागत नाही, आणि लोक कार्ड परत पाठवतात.

आता तुमच्या मॉड्यूलकडे येतो, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. एसएफपी प्लसच्या, म्हणजे मॉड्यूल बसवायच्या, खोबणीत बसणारं साधं एसआर मॉड्यूल १ वॅटच्या आत भागवतं. १० गिगाबिटचं आरजे-४५ मॉड्यूल अडीच वॅटपर्यंत खातं, आणि तुमच्याकडे तशी दोन शेजारी शेजारी आहेत. त्यांचा पल्लाही बहुधा ३० मीटरचाच असतो. भिंतीतून फिरून गेलेली केबल मोजून बघा, डोळ्यांना वीस मीटर वाटणारी केबल पुष्कळदा चाळीस भरते. त्यात दुपारची वेळ. दोन ते चार मरोळमध्ये पश्चिमेच्या काचेवर ऊन येतं, एसी दमतो, जेवणानंतर सगळे एकदम कामाला लागल्याने रहदारी वाढते. व्यापारी श्रेणीच्या मॉड्यूलची मर्यादा साधारण ७० अंश सेल्सिअस असते. तांब्याची काही मॉड्यूल तापमान सांगतात, काही मख्ख बसतात. सांगत असेल तर दर दोन मिनिटांनी वेळेसकट फायलीत लिहून घ्या, सोबत सर्व्हरच्या पुढच्या बाजूचं हवेचं तापमानही. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आत शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची आहे. मॉड्यूल सांगत नसेल तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारी इन्फ्रारेडची बंदूक आणा आणि लिंक पडताना त्याच्या धातूवर रोखा. बोट लावून बघायचं असेल तर जपून, खरंच चटका बसतो.

तापमानाचा संबंध लागला तर मॉड्यूल बदलून फार उपयोग नाही, तसंच दुसरं तेवढंच तापेल. स्विचमध्ये एसएफपी प्लसची पोर्टं मोकळी असतील तर डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेलीच असलेली तांब्याची केबल) लावा. एकाच रॅकमध्ये ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात थंड. नसतील तर मुळातच आरजे-४५ पोर्ट असलेलं १० गिगाबिटचं कार्ड घ्या, त्याच्यावर मोठा हीटसिंक असतो. आणि सर्व्हरच्या मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा. त्या काढून ठेवल्या की पंख्याची हवा तिथून निसटते आणि कार्डापर्यंत पोचतच नाही. काही सर्व्हर अनोळखी कार्ड दिसलं की पंखे वाढवतात. आवाज होतो म्हणून कोणीतरी ते सेटिंग बंद केलेलं असतं. तेही तपासा.

संशय कितीही पक्का असला तरी सिद्ध करायला एकच रीत आहे: एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि दोष कोणाच्या मागे जातो ते बघायचं. तुमच्याकडे दोन पोर्टं आहेत हे नशीब. आज रात्री पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टाची मॉड्यूल आपसात बदला, केबल जिथल्या तिथे. उद्या दुपारी दोष दुसऱ्या पोर्टावर गेला तर मॉड्यूल. पहिल्यावरच राहिला तर उद्या रात्री स्विचकडची टोकं बदला. मग केबल. मग स्लॉट. एका रात्रीत चारही बदलले आणि प्रश्न सुटला, तर काय सुटलं हे कळत नाही, आणि तो महिन्याभराने परत येतो. व्हेंडरचा माणूस नेमकं हेच करतो: कार्ड, ड्रायव्हर, केबल एकदम बदलून सही घेऊन जातो. त्याचा कॉल बंद होतो. तुमचा चालू राहतो.

स्लॉटचं म्हणाल तर एलएसपीसीआय, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा, दोन व्ही देऊन चालवा आणि लिंक कॅपॅबिलिटी आणि लिंक स्टेटस या दोन ओळी शेजारी ठेवा. कार्ड म्हणतंय मला आठ लेन (डेटाचे मार्ग) येतात आणि स्टेटसमध्ये एकच दिसते, तर पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या दुसऱ्या पिढीच्या कार्डाला त्या एका लेनवर ४ गिगाबिटच मिळतात. १० चं कार्ड ४ वर गुदमरतं आणि दोष मात्र नेटवर्कला जातो. काही स्लॉट दिसायला लांब असतात पण आत निम्म्याच लेन जोडलेल्या असतात, तेव्हा बोर्डावरची छापील खूण आधी वाचा. डीमेसेजमध्ये एईआर (पीसीआय बसच्या चुकांची नोंद) म्हणून 'बॅड टीएलपी', 'रिप्ले टाइमर' असले दुरुस्त झालेले एरर ओळीने येत असतील तर स्लॉटाचा संपर्क सैल आहे असं समजा. कार्ड बसवरून पूर्णच पडलं तर एलएसपीसीआयमध्ये त्याच्या ओळीत 'रेव्ह एफएफ' दिसतं. सर्व्हर विचारतो, पलीकडे कोणी नसतं, आणि प्रत्येक बिट १ वाचला जातो.

लोअर परळच्या एका ग्राहकाकडे असंच कार्ड दर आठवड्याला गायब व्हायचं. तिथेही दोनदा बदललेलं. मी झाकण काढलं आणि काही न करता पाच मिनिटं नुसता बघत बसलो. कार्डाच्या सोनेरी दातांची कड स्लॉटच्या एका टोकाला दिसत नव्हती, दुसऱ्या टोकाला साधारण एक मिलिमीटर दिसत होती. मागच्या पत्र्याची पट्टी किंचित वाकलेली होती, आणि स्क्रू आवळला की ती कार्डाला तिरकं उचलायची. स्क्रू सैल केला, कार्ड दाबलं, 'टक' असा आवाज आला. पट्टी चिमट्याने सरळ करून परत आवळली. ते कार्ड पुढे सर्व्हर भंगारात जाईपर्यंत चाललं. आधीची दोन्ही परत गेलेली कार्डंही चांगलीच होती, यात मला शंका नाही.

दोन सॉकेटच्या सर्व्हरबद्दल आणखी एक. तुमच्यात प्रोसेसर एकच असेल तर दुसऱ्या सॉकेटला जोडलेले स्लॉट मेलेलेच असतात. तिथे लावलेलं कार्ड दिसत नाही म्हणून ते 'डीओए' (आलं तेव्हाच मेलेलं) ठरवून परत पाठवणारे मी पाहिलेत.

फर्मवेअर आणि ड्रायव्हरला हलकं समजू नका. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांतल्या एका दोषामुळे ई-१००० ई ड्रायव्हरच्या काही इंटेल कार्डांची स्मृतीच खराब व्हायची. कारण शेवटी ड्रायव्हरच्या बाहेर, कर्नलच्या ट्रेसिंगच्या भागात सापडलं. २०१३ मध्ये इंटेलच्या ८२५७४-एल या चिपबद्दल उघड झालं की एका मदरबोर्ड बनवणाऱ्याने तिच्या ईप्रॉममध्ये (सेटिंगं साठवणाऱ्या स्मृतीत) चुकीची प्रतिमा भरली होती, आणि ठराविक जागी ठराविक बाइट असलेलं एकच पाकीट आलं की कार्ड ठप्प व्हायचं. त्याच चिपला पीसीआयची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, मानवत नसे. ती बंद केल्यावर कार्डं 'बरी' झाली. म्हणून एथटूल लहान आयने फर्मवेअरची आवृत्ती बघा, उत्पादकाच्या तक्त्यात ती तुमच्या ड्रायव्हरशी जुळते का ते ताडा, आणि जुळत नसेल तर दोन्ही एकत्र बदला. फर्मवेअर भरल्यावर नुसतं रीबूट करून भागत नाही. सर्व्हर बंद असला तरी कार्डाला स्टँडबाय वीज मिळत असते आणि ते जागंच राहतं. दोन्ही पॉवर कॉर्ड काढा, मिनिटभर थांबा, मग लावा. अडकलेली कितीतरी कार्डं मी एवढ्यावरच उठवली आहेत, आणि त्यातली काही त्याआधी 'मेली' म्हणून लिहून झाली होती.

खरोखर मेलेलं कार्ड कसं दिसतं? दुसऱ्या चांगल्या सर्व्हरच्या चांगल्या स्लॉटात, वीज पूर्ण काढून लावल्यावरही ते यादीत येत नाही. किंवा येतं, पण एथटूलची ऑफलाइन चाचणी तिथेही नापास होते. किंवा चार पोर्टांपैकी एकच कायमचं मुकं होतं आणि बाकीची तीन ठणठणीत असतात. हे शेवटचं मी बहुतेक विजा कडाडल्यावर पाहिलंय, जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या पोर्टाची तांब्याची केबल गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेलेली होती. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. ऑफलाइन चाचणी लिंक पाडते, हे विसरू नका.

पुढे कधी कार्ड बदलावंच लागलं तर मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बदलतो हे ध्यानात ठेवा. डीएचसीपीचं आरक्षण, स्विचची पोर्ट सिक्युरिटी, मॅकला बांधलेलं सॉफ्टवेअर लायसन्स, लिनक्सच्या जुन्या यूडेव्ह नियमांमुळे बदललेलं इंटरफेसचं नाव, सगळं तिथे अडकतं. विंडोज सर्व्हरवर जुनं कार्ड अदृश्य होऊन आयपी धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढावं लागतं.

आणि बाँडिंग (दोन पोर्टं मिळून एक लिंक करणं) लावलेलं असेल तर एवढं बघा, की दोन्ही पाय एकाच कार्डावर किंवा एकाच स्विचवर नाहीत. तुमच्या बोर्डावर १ गिगाबिटची पोर्टं असतीलच. त्यातलं एक अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमध्ये (एक चालू, दुसरं राखीव) घाला, दुपारचा प्रश्न सुटेपर्यंत टॅली हळू चालेल पण चालेल. प्रॉक-नेट-बाँडिंगमध्ये एमआयआय पोलिंगचा (लिंक किती मिलिसेकंदांनी तपासायची त्याचा) आकडा ० दिसला तर तो १०० करा. जुन्या कर्नलवर तो मुळात ० असे, म्हणजे लिंक पडली तरी बाँडला पत्ताच नाही.

आज रात्री मॉड्यूल आपसात बदला आणि उद्या दुपारचे लॉग पाठवा. सर्व्हर आणि स्विच दोघांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या सोयीने) जुळवलेली असू द्या. गेल्या महिन्यात एकाने पाठवलेल्या लॉगमध्ये स्विच अजून १९९३ मध्येच होता.